जुन्या गाडीचं ऑइल

पारशिवनी,
१८ फेब्रुवारी २०२४

वसंतभाऊ,

नमस्कार. परवा दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही "कोण? मोठ्यानं बोला" म्हणालात अन् ठेवून दिलात. वर्कशॉपनं तुमचे कान नेले हे मी दरवेळी विसरते. म्हणून पत्र.

काम गाडीचं आहे. ह्यांनी घेतलेली छोटी पेट्रोल गाडी अजून माझ्याकडेच आहे. तेरा वर्षांची झाली, एक लाख बावीस हजार किलोमीटर चालली. हे गेल्यापासून चार वर्षं मी ती बाजारापर्यंत, फार तर रामटेकपर्यंत नेत होते. आता मात्र रोज नागपूर करायचं आहे. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर.

शेजारच्या प्रयागबाईला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. पंचवीस दिवस रेडिएशनचे शेक घ्यायला सांगितलं आहे. तिला एसटीत धड बसवत नाही. नवरा नाही. मुलगा जितेंद्र मौद्याला वीजकेंद्रात ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये आहे, एवढी सुट्टी त्याला मिळत नाही. तो आला, अंगणातच उभा राहिला अन् म्हणाला, "बाई, तुमी नेसान का मायले?"

हा तोच जितेंद्र, ज्याला मी सातवीत नापास केलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून प्रयागबाई माझ्याशी बोलत नाही. भिंतीला भिंत लागून घरं आहेत, पण शब्द नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला धड सांगता येणार नाही. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं, अन् तेवढाही जोर उरला नव्हता असं समजा.

तर ऑइल बदलायचं आहे. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, सिंथेटिकच टाका, उन्हाळ्यात टिकतं, दहा हजार किलोमीटर बघायला नको. इथला नत्थू मिस्त्री म्हणतो, "म्याडम, सिंथेटिक पातळ राह्यते. जुन्या इंजनातून गळून जाईन. साधंच टाका." गाडीच्या पुस्तकात फाइव्ह डब्ल्यू थर्टी लिहिलं आहे, ते मला समजत नाही. तुम्ही चौतीस वर्षं इंजिनं उघडलीत. तुम्ही सांगाल ते टाकते. गाडी मध्येच बंद पडू नये, एवढंच माझं मागणं आहे.

कुंदावहिनींना नमस्कार.

यमू


हनुमाननगर, नागपूर,
२५ फेब्रुवारी २०२४

यमू,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे, मला बरं पडतं.

नत्थू जे म्हणतो तेच बरोबर. सर्व्हिस सेंटरवाल्याला महाग डबा विकायचा असतो. सिंथेटिक म्हणजे नव्या, घट्ट इंजिनाचं काम. तुझ्या गाडीचे सील तेरा वर्षांत कडक झाले असणार, त्यातून पातळ तेल वाट काढतंच. साधंच टाक, मिनरल म्हणतात ते, अन् जरा जाड घे. वीस-पन्नास नंबरचं माग. पुस्तकातला नंबर सोड, ती पुस्तकं थंड देशातली माणसं लिहितात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्यावर पोळी भाजेल.

फिल्टर सोबत बदलायला सांग. तेवढं केलंस की पाच हजारापर्यंत बघायचं काम नाही.

एसटीच्या वर्कशॉपात आम्ही याहून वाईट हालतीतल्या गाड्या गडचिरोलीपर्यंत धाडल्या अन् त्या परत आल्या. तुझी तर सडक चांगली आहे. काळजी करू नकोस.

शेजारणीला बरं वाटो. कुंदा ठीक आहे. मुलगा विहंग बंगलोरलाच.

वसंत


पारशिवनी,
१७ मार्च २०२४

वसंतभाऊ,

तुम्ही सांगितलं तसं नत्थूकडून वीस-पन्नास टाकून घेतलं, फिल्टरही बदलला. सोमवारपासून शेक सुरू झाले. पाच झाले.

सकाळी सहाला निघतो. मी दारात हॉर्न वाजवते, ती येते, मागे बसते. पुढे बस म्हटलं तर मान हलवली. आमडी फाटा, कन्हान, कामठी, सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघते अन् मी समोर. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दोन-अडीच तास. शेक पाच मिनिटांचा. परत येईपर्यंत बारा-साडेबारा वाजतात. मग स्वयंपाक करायची इच्छा होत नाही, मी दूध-पोळी खाऊन पडते. डोळे मिटले की डांबरी रस्ताच दिसतो.

पाच दिवसांत ती दोन वाक्यं बोलली. एकदा "काच खाली करा" अन् एकदा "इथं थांबवा." थांबवलं, तर तिला उलटी झाली. मी पाणी दिलं. तिनं चूळ भरली अन् बाटली परत दिली.

गाडी चांगली चालते आहे. सकाळी चालू करताना मागून थोडा निळसर धूर निघतो, मग थांबतो. म्हातारी झाली, खोकणारच. तुम्ही म्हणालात पाच हजारापर्यंत बघायचं काम नाही, म्हणून मी बॉनेट उघडलंच नाही. एक चिंता कमी झाली. सध्या एक चिंता कमी होणं मला फार वाटतं.

तुमच्या घराच्या इतक्या जवळून रोज जाते, पण वळायला जीव होत नाही. रागावू नका.

यमू


हनुमाननगर,
२३ मार्च २०२४

यमू,

कार्ड लिहितो आहे, जास्त लिहायला सवड नाही. गाडी चालते आहे हे वाचून बरं वाटलं. टायरमध्ये हवा सकाळीच भर, दुपारी भरू नको. वळायची गरज नाही, तू थकलेली असतेस. इकडे सगळं ठीक.

वसंत


पारशिवनी,
५ एप्रिल २०२४

वसंतभाऊ,

काल गाडी बसली. इंजिन जाम झालं आहे. नत्थूनं पाहिलं, म्हणतो, आता हे नुसतं लोखंड आहे.

सांगते कसं झालं. सतरावा शेक होता. टेकाडीच्या पुढे आलो अन् समोर लाल दिवा लागला, तेलाच्या बुधलीसारखं चित्र असतं तो. आधी लागून विझला, मग लागूनच राहिला. मी घड्याळ पाहिलं. आठच्या आत नंबर लावायचा होता. आदल्या आठवड्यात होळीची अन् गुड फ्रायडेची, दोन सुट्ट्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते की शेकांमध्ये खंड पडायला नको. अन् तुम्ही सांगितलेलं डोक्यात होतं. मला वाटलं, ऑइल तर नवंच आहे, दिव्याचंच काही बिघडलं असेल. चालवत राहिले. कन्हानचा पूल ओलांडला तेव्हा इंजिनातून कोणी हातोडी मारावी तसा आवाज यायला लागला. कामठीच्या अलीकडे एकदम थांबली. पुन्हा किल्ली फिरवली तर नुसतं टक् झालं.

दोघी रस्त्याच्या कडेला उतरलो. सावली नव्हती. साडेसातलाच ऊन चटका देत होतं. मी बॉनेट उघडलं, अन् उघडून काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. तशीच उभी राहिले. मला रडू आलं, वसंतभाऊ. हे गेले तेव्हा शाळेतल्या बायकांसमोर आलं नव्हतं, ते तिथं ट्रकवाल्यांसमोर आलं.

प्रयागबाई जवळ आली. तिनं तिचा पदर माझ्या डोक्यावर धरला, ऊन लागू नये म्हणून. ती म्हणाली, "थकली वं तू. मीबी थकली."

बावीस वर्षांनंतर ती माझ्याशी मनातलं एवढंच बोलली.

दोन तास कोणी थांबलं नाही, मग एका ऑटोवाल्यानं दवाखान्यापर्यंत नेलं. पोचेपर्यंत साडेदहा झाले होते. नंबर गेला होता, उद्या या म्हणाले. आज एसटीनं गेलो. कन्हाननंतर तिला उभंच राहावं लागलं, बसलं की दुखत होतं. मी तिचा दंड धरून उभी होते. सतरावा आज झाला. अजून आठ उरले आहेत अन् मधे पुन्हा सुट्ट्याच सुट्ट्या आहेत.

तुम्हाला दोष देत नाही. ऑइल कोणतं टाकायचं ते मी विचारलं, तुम्ही सांगितलं. पण एवढं सांगा, ते दुसरं, सिंथेटिक टाकलं असतं तर गाडी चालली असती का? मला रात्रभर तेच वाटून राहिलं.

यमू


हनुमाननगर,
८ एप्रिल २०२४

यमू,

हे पत्र मी जितेंद्राच्या हाती देतो आहे. तो आज सकाळी तुझं पत्र घेऊन माझ्या दारात आला. शिफ्ट बदलून आला होता. पोस्टात टाकलं असतं तर आणखी दोन दिवस गेले असते म्हणाला. चांगला पोरगा आहे.

आता नीट वाच.

सिंथेटिक टाकलं असतं तर कदाचित थोडं कमी जळलं असतं. ते उन्हात कमी उडतं, हे खरं आहे अन् मला ते माहीत होतं. पण गाडी त्यानं वाचली नसती. गाडी गेली ती ऑइल कोणतं होतं म्हणून नाही. ऑइल उरलंच नव्हतं म्हणून गेली. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितं. तू ते सतरा मार्चच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतंस. वर्कशॉपात नवीन लागलेल्या पोरानंही सांगितलं असतं, रोज इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बघा अन् कमी झालं की ओता. मी काय लिहिलं? टायरमध्ये हवा सकाळी भर.

अन् ते "पाच हजारापर्यंत बघायचं काम नाही." मला म्हणायचं होतं की बदलायचं काम नाही. पट्टी तर दर आठवड्याला बघायचीच असते, हे मला इतकं अंगवळणी होतं की लिहायचं सुचलंच नाही. तू मास्तरीण. तू लिहिलेलं वाचलंस. चूक लिहिणाऱ्याची आहे.

पुस्तकातल्या नंबरावर मी थट्टा केली तीही उगाच. मी आयुष्यभर डिझेलच्या बसगाड्या उघडल्या. तुझ्यासारख्या गाडीचं इंजिन मी हातानं दोनदा खोललं असेल. तू विचारलंस तेव्हा मला माहीत नाही म्हणता आलं असतं. बऱ्याच दिवसांनी कोणी काही विचारलं होतं, म्हणून तसं म्हणालो नाही.

आता दुसरं. कुंदा ठीक नाही. दिवाळीनंतर तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिला ऐकू येतं पण बोलता येत नाही, मला बोलता येतं पण ऐकू येत नाही, असा आमचा संसार चालला आहे. सकाळी एक बाई येते, बाकी मीच. तुझं ते पत्र मी तिला अंघोळ घालता घालता, एका हातात धरून वाचलं. निळा धूर वाचला अन् पुढे गेलो. मी कोणाला कळवलं नाही, कारण भेटायला लोक येतात अन् त्यांना चहा करावा लागतो. हे वाचून हसशील. पण तेच खरं कारण आहे.

दवाखाना इथून ऑटोनं दहा मिनिटांवर आहे. पाडवा झाला की दोघी इथं या. मागची खोली रिकामी आहे. आठ शेक होईपर्यंत राहा. चहा तुम्ही करा.

वसंत


हनुमाननगर,
५ मे २०२४

यमू,

तुम्ही जाऊन बारा दिवस झाले.

गाडीचं सांगतो. माझ्यासोबत वर्कशॉपात होते ते चंपतराव अन् मी, दोघांनी नत्थूकडून आणवलेलं तुझं इंजिन उघडलं. दोन बेअरिंगं वितळली होती. खाली चेंबरमध्ये अर्धा लिटरही तेल निघालं नाही. पाना चंपतरावांनीच धरला, मी नुसता बघत होतो. त्यांचेही कान गेलेले, म्हणून मी वहीत लिहून दाखवलं, "माझी चूक." त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन खाली लिहिलं, "झालं."

इतवारीच्या पलीकडे एक जण जुन्या गाड्यांची चालू इंजिनं विकतो. चंपतरावांच्या ओळखीतून एक ठीक मिळालं आहे, साठ हजार चाललेलं. महिन्याभरात बसवून देतील. या वेळी पुस्तकातलाच नंबर टाकू, सिंथेटिक. हे इंजिन घट्ट आहे, त्याला ते झेपेल अन् उन्हात बरं पडेल. साधं टाकलं असतं तरी चाललं असतं, लवकर बदलावं लागलं असतं एवढंच. दर रविवारी, गाडी थंड असताना, पट्टी काढ, फडक्यानं पूस, पुन्हा घाल, काढ. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं पाहिजे. दिवा लागला तर जिथं असशील तिथं गाडी बंद कर. आता सगळं लिहिलं की नाही हे मी तीनदा वाचून पाहिलं.

एक गोष्ट समजत नाही. तुम्ही गेल्यापासून कुंदा दुपारी झोपत नाही. दाराकडे बघते, डावा हात उचलते, मग चिडते. मी पाणी देतो, कूस बदलून देतो, ते नको असतं. रात्री दोनदा-तीनदा उठवते. मीही झोपलेलो नाही. ती काय मागते ते तुला समजलं होतं का?

वसंत


पारशिवनी,
२० मे २०२४

वसंतभाऊ,

उशीर झाला. घरी आल्यावर मी तीन आठवडे नुसती पडून होते. ताप नव्हता, काही नव्हतं. उठायचं कारण सापडत नव्हतं.

कुंदावहिनी काय मागतात ते मला माहीत आहे. तुम्हाला ते दिसलं असेल, ऐकू आलं नसेल. शेक घेऊन आलं की प्रयागबाई दुपारभर त्यांच्या पलंगाशी बसायची ना, तेव्हा ती बोलत असायची. माझ्याशी दिवसाला चार शब्द, अन् त्यांच्याशी तास-तासभर. शेतातल्या पऱ्हाटीचं, म्हशीचं, सासूचं, नवरा गेला त्या सालाचं. वहिनींना उत्तर देता येत नाही म्हणूनच तिला बोलता आलं असेल. अन् वहिनी ऐकत होत्या. मधेमधे डाव्या हातानं तिचं मनगट दाबायच्या. ते "मग?" असायचं. प्रयागबाई पुढे सांगायची.

एक दिवस मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. ती वहिनींना सांगून राहिली होती, "या बाईनं माया पोराले सातवीत ठेवलं. अन् मी हिच्याच गाडीत बसून राहिली. तो लाल दिवा मले हिच्या पयलेच दिसला होता. आदल्या दिवशीबी लागला होता, हिचं ध्यान नव्हतं. म्या सांगितलं नाही. म्हटलं, बंद पडते त पडू दे. एक दिवस त घरी राहाले भेटन."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. पहिल्यांदा राग आला. माझी गाडी, ह्यांची गाडी. मग वाटलं, मी रोज सकाळी दारात हॉर्न वाजवत होते. जमते का, आज जायचं का, दुखतं का, असं एकदाही विचारलं नव्हतं. सातवीत जितेंद्राला ठेवलं तेव्हाही तिच्या घरी जाऊन दोन शब्द बोलले नव्हते. निकाल लावला होता, तो बरोबर होता, अन् मला तेवढं पुरे वाटलं होतं.

मी भाजी निवडून टाकली. दुसऱ्या दिवशी ऑटोत बसताना तिला विचारलं, "जायचं का आज?" तिनं आधी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "चाल. आता चारच त राह्यले." त्यानंतर रोज विचारलं. रोज ती थोडा विचार करून हो म्हणायची.

तिची तपासणी जुलैत आहे. काय निघेल ते कोणी सांगत नाही. सध्या तिला बसवतं, अन्न जातं. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, कुंदावहिनींचं जिथं लिहिलं आहे तेवढं. तिनं ऐकलं अन् उठून घरी गेली. संध्याकाळी भिंतीवरून तिनं सांगितलं, "मी जातो नागपूरले, आठ-पंधरा रोज. त्या बाईले म्हशीचं अर्धंच सांगितलं होतं." मी म्हटलं, ऊन फार आहे, तुझ्यात ताकद नाही. तर म्हणाली, तिथं बसायचंच आहे, अन् ऊन त इथंबी आहे. जितेंद्र नाही म्हणत होता, त्याचंही तिनं ऐकलं नाही.

गाडी तयार झाली तरी मला इतक्यात चालवायची नाही. ती इथं येऊ द्या, अंगणात उभी राहील. रविवारी पट्टी बघत जाईन.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, प्रयागबाईच्याच पिशवीत ठेवते. ती उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं निघेल. घ्यायला येऊ नका, तिला घर माहीत आहे. तिला चहा लागत नाही. तिची खुर्ची वहिनींच्या डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे त्यांचा हात पोचेल.

दुपारी त्या दोघी बोलत असतील तेव्हा मागच्या खोलीत जा अन् तुम्ही झोपा.

यमू